गरज कोणाची आणि ठरवली कोणी? अभियांत्रिकीचे विद्यार्थी, इंग्रजी आणि ऑनलाइन वर्ग

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? इंग्रजीचे प्राध्यापक आहेत, इंजिनिअर आहेत, संगणकवाले आहेत, त्यांनी बोलावं. प्रश्न रास्त आहे. पण या विषयावरच्या लिखाणात एक शब्द सारखा येतो, तो म्हणजे ‘गरज’. विद्यार्थ्यांची गरज, उद्योगांची गरज, काळाची गरज. एखादा शब्द सगळेच जण न अडखळता वापरायला लागले, की तो जरा थांबवून तपासायचा, हे आमच्या धंद्यातलं काम. तेवढंच मी आज करणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाट पाहायला नको. अभियांत्रिकीच्या मुलामुलींना इंग्रजीसाठी ऑनलाइन जे पुरवलं जातं, ते त्यांच्याकडे आधीच ढिगाने आहे: व्याख्यानं, व्याकरणाचे नियम, शब्दांच्या याद्या, सराव चाचण्या. त्यांच्याकडे नाही तो त्यांचं बोलणं ऐकणारा, लिहिलेलं वाचणारा आणि त्यावर उलट काही विचारणारा माणूस. तो ऑनलाइन मिळू शकतो. पण मिळत नाही, आणि याचं एक मोठं कारण आपण ‘गरज’ ज्या रीतीने शोधतो त्या रीतीतच आहे.

गरज आणि मागणी

विशिष्ट कामासाठी इंग्रजी शिकवायची तर आधी गरजांचं विश्लेषण करावं, हा विचार नवा नाही. जॉन मन्बी यांचं अभ्यासक्रमाच्या आराखड्यावरचं पुस्तक १९७८ चं. शिकणाऱ्याला पुढे भाषा कुठे, कोणाशी, कशासाठी वापरावी लागेल याची बारकाईने यादी करा आणि त्यावरून अभ्यासक्रम बांधा, अशी ती पद्धत. १९८७ मध्ये हचिन्सन आणि वॉटर्स यांनी त्यावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. ते म्हणाले, शेवटी पोचायचं कुठे हे कळलं म्हणजे प्रवास कसा होतो ते कळलं असं नाही. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: कामाला काय लागतं, आज कशाची उणीव आहे आणि शिकणाऱ्याला काय हवंसं वाटतं. शिवाय चौथी, जी आपण हमखास विसरतो: शिकणं घडायला काय लागतं.

तत्त्वज्ञानात डेव्हिड विगिन्स यांनी गरज आणि इच्छा यांतला फरक नेमका मांडला आहे. इच्छा माणसाच्या मनात असते, त्याला जे ठाऊक आहे त्यावर ती बेतलेली असते. गरज परिस्थितीत असते. जिच्यावाचून माणसाचं खरोखर नुकसान होतं ती गरज, मग ती त्याला जाणवो की न जाणवो. अमर्त्य सेन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्याला फार दिवस काही मिळालेलं नसतं तो आपल्या इच्छाच छाटून घेतो आणि कमीवर समाधानी असल्याचं सांगतो. म्हणून नुसतं ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारून गरज सापडत नाही.

पाहणीचा साचा

आता या विषयावर आपल्याकडे पाहण्या होतात कशा, ते पाहू. साचा ठरलेला आहे. एक गुगल फॉर्म तयार करायचा. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय. फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. दोन दिवसांनी आकडे काढायचे. निष्कर्ष: विद्यार्थ्यांना संभाषणकौशल्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं, इंटरनेटची अडचण येते, अधिक परस्परसंवादी साधनं हवीत. शेवटी शिफारशी, मग प्रमाणपत्र.

या साच्यात चार दोष आहेत.

पहिला, इंटरनेट आहे का हे इंटरनेटवरूनच विचारलं जातं. ज्याच्याकडे रेंज नाही तो उत्तर देत नाही, म्हणून तो आकड्यात येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती, शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्क्यांकडे. संगणक ग्रामीण भागात सुमारे ४ टक्के घरांत. त्यानंतर दोनच वर्षांत, मार्च २०२० मध्ये, सगळं शिक्षण एका रात्रीत पडद्यावर आलं. आज मोबाइल पुष्कळ घरांत पोचला आहे, हे खरं. पण मोबाइल म्हणजे संगणक नव्हे. अंगठ्याने आठ पानी अहवाल टाइप करून पाहा, म्हणजे फरक कळेल.

दुसरा दोष. इंग्रजीतल्या अडचणी सांगा, असं इंग्रजीत विचारलं जातं. प्रश्न नीट न कळलेला मुलगा मधला पर्याय निवडतो आणि आपण तो ‘तटस्थ’ म्हणून मोजतो.

तिसरा दोष. पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारतात, नोकरीत तुला कोणतं इंग्रजी लागेल? तिने अजून कारखाना पाहिलेला नाही, टेंडर वाचलेलं नाही, साइटवर पाऊल टाकलेलं नाही. ती तिच्या कानावर आलेलं सांगते, की ग्रुप डिस्कशन आणि इंटरव्ह्यू. हे प्लेसमेंटच्या भीतीचं उत्तर आहे. भीती खरी आहे, पण भीती म्हणजे गरज नव्हे.

चौथा दोष सर्वांत मोठा. कोणी तिच्या इंग्रजीकडे पाहतच नाही. तिचं एक पान वाचलं जात नाही, तिची एक तोंडी परीक्षा ऐकली जात नाही. ताप आहे का, हे रुग्णाला विचारून लिहून घ्यायचं आणि थर्मामीटर खिशातच ठेवायचा, अशातला हा प्रकार.

खरी गरज कशी दिसते

मग पाहायचं म्हटलं तर कुठे पाहायचं? मी तीन जागा सांगतो.

पहिली जागा, मानकं. आपल्याकडे शाळेत शिकवतात, की ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यापुढे ‘शॅल’, बाकीच्यांपुढे ‘विल’. म्हणजे ‘शॅल’ हा भविष्यकाळ. मराठी माध्यमाच्या मुलाच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असतं. हाच मुलगा सिव्हिलला जातो आणि काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, हातात घेतो. तिथे पानोपानी ‘शॅल’. तांत्रिक मानकांच्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक, केलंच पाहिजे. ‘शुड’ म्हणजे शिफारस. ‘मे’ म्हणजे परवानगी. ‘कॅन’ म्हणजे शक्यता. चार छोटे शब्द, आणि त्यांच्यातल्या फरकावर इमारतीची सुरक्षितता आणि कंत्राटाची जबाबदारी उभी आहे. ‘असलंच पाहिजे’ हे ज्याने ‘असेल’ असं वाचलं, त्याचं व्याकरण शाळेच्या हिशेबाने बरोबर आणि वाचन साफ चूक.

दुसरी जागा, ओळखीचे वाटणारे शब्द. ‘टेन्शन घेऊ नकोस’, ‘फार स्ट्रेस आहे’. घरातल्या मराठीत हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे झालेत. यंत्रशास्त्रात टेन्शन म्हणजे ओढणारं बल. स्ट्रेस म्हणजे क्षेत्रफळाच्या एककामागे बल. स्ट्रेन म्हणजे लांबीतल्या बदलाचं मूळ लांबीशी गुणोत्तर, ज्याला एककच नाही. अवघड शब्द विद्यार्थी शब्दकोशात शोधतो. सोपा शब्द शोधत नाही, कारण तो येतो असं त्याला वाटतं. विट्गेन्श्टाइन आयुष्याच्या उत्तरार्धात सांगत राहिला, की शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात पाहा. त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्गात देता आलं नसतं.

तिसरी जागा, ‘ओरल’, म्हणजे तोंडी परीक्षा. परीक्षक विचारतात, हा व्हॉल्व्ह इथे का बसवला? मुलीला कारण ठाऊक आहे, मराठीत विचारलं तर ती दोन वाक्यांत सांगेल. इंग्रजीत ती गप्प. परीक्षक लिहितात, विषय कच्चा. तिला इथे शब्दसंग्रह कमी पडला असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही. तिला हवी होती ती काही कृती करण्याची सवय: ‘प्रश्न पुन्हा सांगाल का?’, ‘एवढं मला ठाऊक आहे, पुढचं खात्रीने सांगता येत नाही’, ‘मी आकृती काढून दाखवते’. जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवलं, की बोलणं म्हणजे नुसतं वर्णन नाही. विचारणं, कबूल करणं, हरकत घेणं, इशारा देणं या बोलून केलेल्या कृती आहेत. आणि कृती करूनच अंगवळणी पडते. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ‘काय ते ठाऊक असणं’ आणि ‘कसं ते येणं’ यांत जो भेद केला, तो इथे तंतोतंत लागू आहे. सायकलवरची शंभर व्याख्यानं ऐकून सायकल येत नाही.

आता अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा २०१८ चा नमुना अभ्यासक्रम पाहा. इंग्रजीला तीन क्रेडिट, आठवड्याला दोन तास व्याख्यान आणि दोन तास प्रात्यक्षिक. घटक कोणते? उपसर्ग-प्रत्यय, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, वाक्यरचना, विरामचिन्हं, नेहमीच्या चुका, सारांशलेखन, निबंध, आणि शेवटी तोंडी संवाद, मुलाखत, सादरीकरण. यात वाईट काही नाही. पण उपसर्ग-प्रत्यय आणि निबंध मुलं शाळेपासून करत आली आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे इंजिनिअरिंगला येईपर्यंत बारा वर्षं झालेली असतात. बारा वर्षांत जे जमलं नाही, तेच तेराव्या वर्षी व्हिडिओवर. आणि मानक कसं वाचायचं हा घटक यादीत नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आणखी एक गोष्ट. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत. इंग्रजीचा विषय पहिल्या वर्षाला. म्हणजे पदवीच्या वर्गात पाऊल ठेवताना या मुलांचा तो विषय मागे पडलेला असतो. पदविकेला त्यांनी इंग्रजी केलेलं असतं, पण मध्ये काळ गेलेला असतो आणि पुढची पुस्तकं जाडजूड असतात. ऑनलाइन मदत सर्वांत आधी कोणाला हवी, असं मला विचाराल तर मी या मुलांकडे बोट दाखवीन.

पडदा काय करतो

ऑनलाइनविरुद्ध माझी तक्रार नाही. एनपीटीईएल २००३ मध्ये सुरू झालं. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं गडहिंग्लजच्या किंवा गेवराईच्या मुलाला फुकट मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. २०१७ मध्ये स्वयम् आलं. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठांना ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेऊ देण्याची मुभा आहे. थर्मोडायनॅमिक्ससाठी उत्तम.

पण भाषेचं काय? ‘फीड्रस’ या संवादात प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी लिखित शब्दाबद्दल एक तक्रार घातली आहे. लिहिलेलं शहाणं दिसतं, पण त्याला काही विचारलं तर ते तेच ते पुन्हा सांगतं. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला जशीच्या तशी लागू पडते. मूल्यमापनाचंही तेच. एनपीटीईएलमध्ये साधारण २५ टक्के गुण साप्ताहिक स्वाध्यायांचे आणि ७५ टक्के शेवटच्या परीक्षेचे, आणि प्रश्न बहुतेक बहुपर्यायी. चार पर्यायांतून बरोबर वाक्य ओळखणारा मुलगा ते वाक्य स्वतः बोलू शकतो, असं कशावरून?

थेट ऑनलाइन वर्गाची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. सगळे म्यूट. सर विचारतात, ‘एनी डाउट्स?’ शांतता. (हशा) देकार्तने सगळं तत्त्वज्ञान संशयापासून सुरू केलं. आपल्याकडे संशय विचारला की तास संपतो. शांततेचा अर्थ ‘समजलं’ असा घेतला जातो.

लेखनाचंही पाहा. विद्यार्थी चार वर्षं दर आठवड्याला इंग्रजीत लिहितो. प्रयोगाचं जर्नल, रायटअप. भाषेच्या सरावाची एवढी मोठी संधी दुसऱ्या कुठल्या शाखेला नाही. होतं काय? मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल मिळवायचं आणि उतरवून काढायचं. शेवटी निष्कर्ष म्हणून ‘हेन्स स्टडीड’. काय अभ्यासलं, काय आढळलं, आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा का आला, यातलं काही नाही. सही होते, सबमिशन होतं. ते कोणी वाचत नाही हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, आणि न वाचल्या जाणाऱ्या मजकुरावर कष्ट न घेणं यात त्यांचा दोष काय?

करता येण्यासारखं

टीका केली की ‘मग करायचं काय’ हे सांगायला हवं. साधा हिशेब मांडतो. प्रात्यक्षिकाच्या बॅचला वीस मुलं, दोन तास. शिक्षक पूर्ण गप्प बसले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं. चौदा आठवड्यांच्या सत्रात ८४ मिनिटं. इंग्रजी बोलण्याची सबंध पदवीतली हक्काची वेळ दीड तासाहून कमी, तीही कागदावर.

इथे ऑनलाइनचा खरा उपयोग आहे. एका खोलीत वीस जण एकदम बोलले तर गोंगाट. घरी, आपापल्या वेळेला, साठ जण साठ ध्वनिफिती करू शकतात. दोन मिनिटांच्या आवाजाला डेटाही किरकोळ लागतो, रेंज येईल तेव्हा पाठवता येतो. लाजणारी मुलगी पाच वेळा पुसून सहाव्यांदा पाठवू शकते. ती पाच वेळा बोलली, हेच तर हवं होतं.

पाठवायचं काय? ‘माय एम इन लाइफ’ नको. तिने एका सर्किटचं किंवा सांध्याचं वर्णन करायचं, आकृती न दाखवता. दुसऱ्या मुलाने ते ऐकून आकृती काढायची. दोन आकृत्या जुळल्या नाहीत, तर कुठे घोटाळा झाला ते दोघांनी शोधायचं. कदाचित ‘अ व्हॉल्व्ह’ आणि ‘द व्हॉल्व्ह’ यांत झाला असेल. मराठीत ते काम ‘एक’ आणि ‘तो’ करतात, आणि तेही दरवेळी करत नाहीत, म्हणून आपली मुलं तिथे घसरतात. पण आता ती चूक लाल शाईतली उरली नाही, चुकलेल्या आकृतीत दिसली. आणि घोटाळा शोधताना दोघं मराठीत बोलली तर बोलू द्या. विचार स्पष्ट व्हायला स्वतःची भाषा लागते, त्याची लाज नको.

राहिला कान. साठ ध्वनिफिती म्हणजे १२० मिनिटं ऐकणं, प्रत्येकाला मिनिटभर उत्तर द्यायचं तर तीन तास. तीन गट करून दर आठवड्याला वीस जणांच्याच घेतल्या, बाकीच्यांच्या एकमेकांनी ऐकल्या, तर शिक्षकाला आठवड्याला एक तास. तो तास कोण देणार? इंग्रजी शिकवणारी व्यक्ती अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर, सीएचबीवर असते. तिला पैसे मिळतात ते वर्गात उभं राहिल्याचे. घरी बसून ऐकल्याचे मिळत नाहीत. म्हणून संस्था व्हिडिओ विकत घेतात, लँग्वेज लॅबचं सॉफ्टवेअर विकत घेतात, आणि ऐकण्याचा एक तास विकत घेत नाहीत. हा तास कार्यभारात धरा, ही माझी एकमेव प्रशासकीय मागणी आहे. आणि पाहण्या करणाऱ्यांना विनंती, की पुढच्या वेळी फॉर्म पाठवण्याआधी वीस जर्नलांतले वीस निष्कर्ष वाचा आणि दहा ओरल ऐका. पाच पर्यायांत न मावणारं तिथे दिसेल.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आता एआय चोवीस तास बोलायला तयार आहे. मग माणसाच्या कानाची गरज काय?

उत्तर: सरावाला तो जरूर वापरावा. रात्री अकरा वाजता न कंटाळता दहादा ऐकणारा दुसरा कोण मिळणार? पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तोच एआय रायटअपही लिहून देतो. म्हणजे आधी मागच्या वर्षीच्या मुलाचं उतरवत होतो, आता याचं. आणि दुसरं, तो मोडकंतोडकं बोलणंही समजून घेतो, अर्थ लावून मोकळा होतो. साइटवरचा फोरमन किंवा परदेशातला ग्राहक तसं करणार नाही. तुमच्या वाक्यावरून ज्याला खरोखर काहीतरी करायचं आहे, आकृती काढायची आहे, झडप बंद करायची आहे, असा ऐकणारा मधूनमधून तरी हवा.

प्रश्न: २०२१ पासून परिषदेने मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे. मग इंग्रजीचा एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: मराठीतून शिकण्याच्या मी बाजूचा आहे. पण त्याने इंग्रजीची गरज संपत नाही, ती नेमकी होते. संकल्पना मराठीत पक्की झाली, की इंग्रजी मानक वाचायला, डेटाशीट वाचायला, अहवाल लिहायला आणि पाच प्रश्नांना तोंडी उत्तर द्यायला, एवढ्यापुरती इंग्रजी शिकायची. हे काम आवाक्यातलं आहे, मोजता येण्यासारखं आहे. आज आपण ‘इंग्रजी सुधारा’ असं सांगतो, त्याला ना सुरुवात ना शेवट. मराठीतून शिकणाऱ्या पहिल्या तुकड्यांसाठी असा छोटा, नेमका अभ्यासक्रम कोणी बांधला, तर इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही तोच द्यावा, असं मी सुचवीन.